श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद : दिले तेच राहिले

विरार पूर्वेच्या चंदनसार परिसरातून रोज सकाळी असंख्य व्यापारी, दलाल आणि नोकरदार स्थानकाकडे निघतात. त्यांच्यापैकी जे थेट चर्चगेटपर्यंत जातात, ते नकळत एका जैन श्रेष्ठींच्या आयुष्याच्या दोन खुणा पाहत जातात. चर्नी रोड आणि मरीन लाइन्सच्या दरम्यान लोहमार्ग ज्या चिंचोळ्या पट्टीवरून धावतो, ती समुद्रात भराव घालून जमीन मिळवण्याच्या एका महत्त्वाकांक्षी उद्योगाची उरलेली खूण आहे. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे वळले की समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा दिसतो. पहिली खूण जमिनीच्या व्यवहाराची, दुसरी दानाची. दोहोंशी नाव जोडलेले आहे ते एकाच गृहस्थाचे, शेठ प्रेमचंद रायचंद यांचे.

विरारचा आणि त्या पट्टीचा संबंध तर फार जुना आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहून निघाली आणि मुंबईतील बॅक बे स्थानकापर्यंत गेली. ज्या ‘बॅक बे’च्या नावावर अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वी मुंबईत संपत्तीचे डोंगर रचले गेले आणि कोसळले होते, तेच हे नाव. घरांच्या आणि जमिनींच्या व्यवहारावर आज ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या आपल्या समाजातील कुटुंबांनी या श्रेष्ठींचे चरित्र भक्तिभावाने आठवावे आणि जमाखर्चाच्या नजरेनेही तपासावे.

सुरतेहून मुंबईत

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका जैन कुटुंबात झाला. सुरतेचे बंदर तोवर ओसरले होते आणि व्यापार मुंबईकडे वाहू लागला होता. वडील रायचंद दीपचंद यांनीही तीच वाट धरली आणि मुलाचे शिक्षण मुंबईत झाले. इंग्रजी उत्तम लिहिता, वाचता आणि बोलता येणारा मुंबईतील पहिला देशी शेअरदलाल, अशी त्यांची ख्याती पुढे झाली. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. युरोपियन पेढ्या आणि देशी व्यापारी यांच्यामध्ये दुभाष्यांची आणि मध्यस्थांची रांग असे. जो दोन्ही बाजूंशी थेट बोलू शके, त्याच्या शब्दाला दुप्पट वजन येई.

१८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमत आणि सौदे करीत. त्या मंडळींत या तरुणाचे नाव लवकरच पुढे आले. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती आणि दिवसभराचे सौदे ते टिपणवहीवाचून ध्यानात ठेवीत, असे सांगितले जाते. पुढे १८७५ साली मुंबईच्या देशी शेअरदलालांची जी संस्था रीतसर स्थापन झाली आणि जिला आज आपण मुंबई शेअर बाजार म्हणतो, तिच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. त्यांच्या चरित्राचा मोठा भाग सर दिनशा वाच्छा यांनी पुढे लिहून ठेवला. वाच्छा स्वतः त्या काळाचे साक्षीदार होते आणि आकड्यांचे जाणकार होते, म्हणून त्या लेखनाला महत्त्व आहे.

कापसाचे सोने झाले तेव्हा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरण्या बंद पडू लागल्या, तशी इंग्रज व्यापाऱ्यांची नजर खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबई हे त्या कापसाचे बंदर. भाव काही पटींनी चढले. गाद्या उसवून त्यांतील कापूस विकल्याच्या हकिगती त्या काळात नोंदल्या गेल्या आहेत. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक मिळाले, असा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला.

एवढा पैसा एका लहानशा बेटावर अचानक आला की त्याला जागा हवी असते. कारखानदारी अजून बाल्यावस्थेत होती. रेल्वे नुकतीच पसरू लागली होती. म्हणून पैसा नव्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. यांतील पुष्कळ केवळ कागदावर होत्या. कोणत्याही नव्या कंपनीला प्रेमचंद शेठचा आशीर्वाद असला की तिच्या शेअरांवर उड्या पडत. त्यांच्या घरी शेअर मागणाऱ्यांची रीघ लागे, आणि त्या रांगेत सामान्य कारकुनापासून बड्या साहेबापर्यंत सारे असत.

समुद्रातील जमीन

त्या काळातील सर्वांत मोहक स्वप्न जमिनीचे होते. मुंबई बेटावर जागा अपुरी आणि माणसे वाढत चाललेली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले जात होते आणि नवे शहर आकार घेत होते. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी भराव घालून गोद्या व वखारींसाठी जमीन मिळवीत होती. पश्चिमेच्या बाजूला कुलाब्यापासून मलबार टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलेला उथळ समुद्र भरून काढण्यासाठी बॅक बे रिक्लमेशन कंपनी निघाली. तिच्या प्रमुख प्रवर्तकांत प्रेमचंद शेठ होते.

विचार म्हणून ही योजना चुकीची नव्हती. शहराला जमिनीची गरज खरी होती, आणि भराव घालणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. पुढे विसाव्या शतकात हेच काम पुन्हा हाती घेतले गेले आणि आजचा मरीन ड्राइव्ह त्यातूनच घडला. दोष योजनेत नव्हता, तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या पैशाच्या रचनेत होता. समुद्रात दगड पडण्याआधीच शेअरचे भाव आकाशाला भिडले. पाच हजार रुपये भरलेला शेअर लिलावात पंचवीस हजारांहून अधिक भावाने गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिची किंमत बाजाराने पाचपट लावून ठेवली होती.

हे कसे घडले, ते बँक व्यवहाराच्या भाषेत सांगता येते. एखादा व्यापारी जमीन कंपनीचा शेअर घेई. तो शेअर बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे तारण ठेवून कर्ज उचली. त्या कर्जातून आणखी शेअर घेई. खरेदी वाढली की भाव चढे, आणि भाव चढला की त्याच तारणावर अधिक कर्ज मिळे. वित्तसंस्थांचे शेअरही अशाच कर्जाने घेतलेले असत. कर्ज, तारण आणि भाव ही तिन्ही एकमेकांच्या खांद्यावर उभी होती आणि जमिनीवर कोणाचाच पाय टेकलेला नव्हता. त्यातच वायद्याचे सौदे होत. आज शेअर घ्यायचा, पैसे मात्र काही महिन्यांनी ठरलेल्या तारखेस द्यायचे, अशी ती पद्धत. ठरलेल्या दिवशी भाव वर असला तर फरक खिशात, खाली असला तर घरदार पणाला.

ज्या बँकेने या साऱ्याला लगाम घालायचा, ती बँक ऑफ बॉम्बे स्वतःच प्रवाहात ओढली गेली. १८४० साली स्थापन झालेली ही प्रेसिडेन्सी बँक होती आणि तिच्यात सरकारचेही भांडवल होते. १८६३ च्या नव्या सनदीने शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा तिला मिळाली. पूर्वीच्या सनदीतील बंधने सैल झाली आणि व्यक्तीच्या वजनावर कर्जे मंजूर होऊ लागली. प्रेमचंद शेठचे त्या बँकेवर केवढे वर्चस्व होते, याची नोंद पुढील सरकारी चौकशीत झाली. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. त्यांच्या औदार्याइतकीच ती त्यांच्या चरित्राचा भाग आहे.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचे भाव घसरू लागले. कापूस घसरला तसे शेअर घसरले, शेअर घसरले तसे तारण अपुरे पडले. असंख्य वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरत होती. त्या दिवशी देणी द्यायला कोणाकडेच पैसा नव्हता. एकाचे देणे हेच दुसऱ्याचे येणे असल्याने एक पेढी बुडाली की तिच्या मागे दहा बुडत. बॅक बे कंपनीचा शेअर कवडीमोल झाला. नव्या बँका आणि वित्तसंस्था एकामागून एक गुंडाळल्या गेल्या. बँक ऑफ बॉम्बेने जवळजवळ सारे भांडवल गमावले, १८६८ मध्ये ती बंद झाली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. ती नवी बँक १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिचे स्टेट बँकेत रूपांतर झाले. स्टेट बँकेचा स्थापनादिन आणि मुंबईच्या व्यापाराचा तो काळा दिवस एकाच तारखेला यावेत, हा योगायोग बँक क्षेत्रातील जुन्या माणसांना चांगला ठाऊक आहे.

प्रेमचंद शेठही वाचले नाहीत. १८६६ मध्ये त्यांची पेढी बुडाली. हजारो कुटुंबांची बचत गेली होती. विधवांचे दागिने आणि लहान व्यापाऱ्यांची पुंजी त्यात होती, आणि लोकांचा रोष त्यांच्यावर होता. कालपर्यंत ज्यांच्या दारी रीघ लागत असे, त्यांच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले.

मात्र ते शहर सोडून गेले नाहीत. त्यानंतर तब्बल चाळीस वर्षे ते मुंबईतच राहिले. त्यांनी पुन्हा कापूस आणि दलालीचा व्यवसाय उभा केला, पण पूर्वीचा झगमगाट पुन्हा धरला नाही. भायखळ्याचे त्यांचे ‘प्रेमोद्यान’ हे निवासस्थान पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि तेथे कॉन्व्हेंटची शाळा आली. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

देणगीचा हिशेब

आता वहीची दुसरी बाजू पाहू. १८६४ साली, तेजी शिगेला असताना, प्रेमचंद शेठनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. विद्यापीठ अवघे सात वर्षांचे होते आणि त्याला स्वतःची वास्तूही नव्हती. त्याच वर्षी त्यांनी ग्रंथालयाला जोडून घड्याळाचा मनोरा उभारण्यासाठी आणखी २ लाख दिले आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी इच्छा व्यक्त केली.

पुढे बाजार कोसळला. दात्याचे सर्वस्व गेले. दिलेला पैसा मात्र विद्यापीठाचा झाला होता. तो दात्याच्या कर्जात अडकला नाही आणि धनकोंच्या हाती लागला नाही. बांधकामाला १८६९ मध्ये सुरुवात झाली. आराखडा इंग्लंडचे विख्यात वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा होता. भारतात कधीही पाऊल न ठेवता त्यांनी तो तयार केला. कुर्ल्याच्या पिवळसर दगडात घडवलेला सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जाती-जमातींची शिल्पे कोरलेली आहेत. देणगी ते पूर्तता या चौदा वर्षांत दाता धनवानाचा निर्धन झाला, पण मनोरा थांबला नाही. २०१५ मध्ये त्याचे जतनकाम पूर्ण झाले, आणि २०१८ मध्ये ओव्हलच्या परिसरातील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत तोही आहे.

दुसरे मोठे दान कलकत्ता विद्यापीठाला होते, आणि ते १८६६ सालचे, म्हणजे बाजार कोसळल्यानंतरचे आहे. २ लाख रुपयांच्या त्या निधीच्या व्याजातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली. बंगालच्या बुद्धिमंतांत ही शिष्यवृत्ती मिळणे हा परमोच्च मान समजला जाई. सर आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार यांना ती मिळाली होती. १८९७ साली ती मिळवणारे जदुनाथ सरकार हे पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक झाले. छत्रपती शिवाजी महाराजांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेत जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या एका जैन व्यापाऱ्याच्या देणगीची अशी शाखा शिवचरित्राच्या अभ्यासकापर्यंत पोहोचली. देणाऱ्याला याची कल्पनाही नसणार.

याखेरीज अहमदाबादचे अध्यापक विद्यालय, भरूचचे रायचंद दीपचंद ग्रंथालय, सुरतेतील कन्याशिक्षण, धर्मशाळा आणि मंदिरे अशी त्यांच्या दानाची यादी आहे. तिच्याकडे नीट पाहिले तर तीत विद्येला मोठे स्थान दिसते. मुंबई विद्यापीठात स्त्रियांना प्रवेशही नव्हता, त्या काळात एका मातेचे नाव विद्यापीठाच्या कळसावर चढले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

राजाबाई

या मनोऱ्याविषयी जैन कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी एक आख्यायिका आहे. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि त्या कडक धर्माचरण करणाऱ्या होत्या. सूर्यास्तापूर्वी अन्नपाणी आटोपून चौविहार घेण्याचा त्यांचा नियम होता. अंध मातेला वेळ कळावी आणि नियमासाठी कोणावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून पुत्राने टोले देणारे घड्याळ उभारले, अशी ती कथा. कागदोपत्री पुरावा शोधणाऱ्याला ही कथा कदाचित पुरेशी वाटणार नाही. तरीही समाजाने ती जपली, यातच समाजाची दृष्टी दिसते. लोकांना प्रेमचंद शेठचे कोट्यवधींचे सौदे आठवत नाहीत. आईच्या व्रतासाठी मुलाने केलेली सोय आठवते.

‘क्षेत्र’ या शब्दाचे दोन अर्थ

श्रावकाच्या बारा व्रतांत पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. गृहस्थाने सर्वस्व सोडावे, अशी अपेक्षा शास्त्र करीत नाही. आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा त्याने स्वतः आखावी, एवढेच ते मागते. मर्यादा घालायच्या गोष्टींचे नऊ प्रकार सांगितले आहेत : क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य. या यादीतील पहिली दोन नावे क्षेत्र आणि वास्तु, म्हणजे जमीन आणि इमारत. सोन्यारुप्याच्याही आधी शास्त्रकारांनी त्यांना स्थान दिले आहे. जमिनीचा मोह माणसाला लवकर पकडतो आणि उशिरा सोडतो, हे व्यापार करणाऱ्या प्रत्येक पिढीने अनुभवले आहे.

त्याच शास्त्रात ‘क्षेत्र’ हा शब्द दुसऱ्या अर्थानेही येतो. जिनबिंब, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही दानाची सात क्षेत्रे. यांत धन पेरायचे असते. शेतात पेरलेले बी डोळ्यांआड होते, पण तेच उगवते. कोठारात साठवलेल्या धान्याला मात्र कीड लागते. शब्द एकच आहे. एका क्षेत्राला मर्यादा घालायची आणि दुसऱ्या क्षेत्रात हात सैल सोडायचा.

प्रेमचंद शेठच्या आयुष्यात ही दोन्ही क्षेत्रे शेजारी शेजारी दिसतात. बॅक बेच्या क्षेत्राला त्यांनी मर्यादा घातली नाही, आणि ते समुद्राने व बाजाराने परत घेतले. विद्येच्या क्षेत्रात पेरलेले मात्र दीडशे वर्षांनंतरही उगवत आहे. एकूण आयुष्याचा ताळेबंद मांडला तर टिकलेली मालमत्ता ही दिलेली मालमत्ताच आहे.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. सट्ट्याच्या पैशातून दिलेले दान शुद्ध म्हणावे काय? आचार्य हेमचंद्रांनी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला मान न्यायसंपन्न वैभवाला आहे. दानाचा क्रम त्यानंतरचा. म्हणजे धन कसे मिळवले हा प्रश्न ते कोठे दिले या प्रश्नाच्या आधी येतो, आणि मोठी देणगी देऊन तो मागे टाकता येत नाही. १८६५ मध्ये ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांच्या दुःखाची भरपाई राजाबाई टॉवरने होत नाही. प्रेमचंद शेठचे थोरपण मान्य करताना हेही मान्य करावे लागते. श्रेष्ठींच्या पुण्यस्मरणात त्यांच्या चुकांनाही जागा असली, तरच पुढच्या पिढीला त्यातून काही मिळते.

विरारच्या अंगणात

आज विरार आणि वसईच्या पट्ट्यात जमीन हाच मोठा व्यवसाय झाला आहे. २००९ साली महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येथे येत राहिली. चंदनसारसारख्या वस्त्यांत चाळींच्या शेजारी मनोरे उभे राहिले. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे बांधकाम, जमीनखरेदी, लोखंड-सिमेंटची विक्री आणि घरांची दलाली यांत आहेत. हा व्यवसाय निंद्य नाही. माणसाला छप्पर देणे हे पुण्याचेच काम होऊ शकते. पण १८६५ चे धोके येथेही आहेत आणि ते पाण्याखालच्या जमिनीपुरते मर्यादित नाहीत.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चारमजली इमारतीचा मोठा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. बेघर झालेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय चंदनसारच्या समाजमंदिरात करण्यात आली. या घटनेत वास्तूचे दोन्ही अर्थ एका रात्रीत समोर आले. पैसे मोजून घेतलेली घरे राहिली नाहीत, आणि आधाराला आली ती कोणाच्याही एकट्याच्या मालकीची नसलेली, समाजाची वास्तू. जमिनीच्या व्यवसायात असलेल्या प्रत्येक कुटुंबाने हे चित्र मनात ठेवावे. स्तंभातील लोखंड कमी करून वाचवलेला पैसा कोणत्याही चातुर्मासाच्या चढाव्यात दिला, तरी तो न्यायसंपन्न होत नाही.

कायद्यानेही दीडशे वर्षांत काही धडे घेतले आहेत. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याप्रमाणे घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येते. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्याचा तिसऱ्या जमिनीत, असा फेरा थांबावा हा त्यामागचा हेतू आहे. बॅक बेच्या काळात असे एक खाते असते, तर किती घरे वाचली असती याचा विचार करावा.

दानाच्या बाबतीत घेण्यासारखे धडेही व्यवहारी आहेत. पहिला म्हणजे, द्यायचे ते हाती असताना द्यावे. प्रेमचंद शेठनी १८६४ ची देणगी ‘पुढच्या वर्षी’ देऊ म्हटले असते, तर राजाबाई टॉवर कधीच उभा राहिला नसता. दुसरा, दिलेले आपल्या पेढीच्या वहीतून पूर्णपणे वेगळे करावे. पाठशाळेसाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा आजारी साधर्मिकांसाठी राखलेली रक्कम धंद्यात ‘तात्पुरती’ फिरवली की ती देणगी राहत नाही, कर्ज होते. तिसरा, आपल्यामागे टिकेल अशा संस्थेला द्यावे. विद्यापीठ, ग्रंथालय, रुग्णालय, पांजरापोळ यांचे आयुष्य एका माणसापेक्षा लांब असते.

या परिसराला अशा दानाची परंपरा नवी नाही. विरारच्या पश्चिमेस आगाशी येथे मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आहे. परंपरेने त्याच्या उभारणीचे श्रेय शेठ मोतीशा यांना दिले जाते. जहाजांचे आणि परदेशी व्यापाराचे ते मोठे धनी, १८३६ मध्ये निवर्तले. त्यांची जहाजे आज कोठेही नाहीत. आगाशीची घंटा मात्र रोज वाजते.

३१ ऑगस्ट ही प्रेमचंद शेठची पुण्यतिथी. पर्युषण पर्व बहुधा याच सुमारास येते आणि आपल्या घरांत व्रतनियमांचा, क्षमापनेचा विचार सुरू असतो. त्या दिवसांत कुटुंबाने एकत्र बसून, थोरामोठ्यांच्या साक्षीने, आपल्या जमीनजुमल्याची एक यादी करावी आणि पुढे किती वाढवायचे याची मर्यादा लिहून ठेवावी. तिच्या समोरच्या पानावर समाजासाठी वेगळ्या काढलेल्या रकमेचा आकडा असावा. हे दुसरे पान पहिल्यापेक्षा लहान असले तरी कोरे नसावे. ज्या श्रेष्ठींनी एका पानावरचे सारे गमावले आणि दुसऱ्या पानामुळे ते आजही स्मरणात आहेत, त्यांच्या स्मृतीस याहून योग्य अंजली दुसरी नाही.